पांढरे ठिपके गेल्यानंतरचा आजार : समुद्री माशांच्या विलगीकरण टँकमधील उपचारांचा अनुभव

समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके दिसू लागले की पाळणाऱ्याचे सारे लक्ष त्या ठिपक्यांकडे लागते आणि ते दिसेनासे झाले की मासा बरा झाला असे मानले जाते. या आजाराशी सामना करताना हीच समजूत सर्वाधिक मासे मारते, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. ठिपका ही परजीवीच्या आयुष्यातली केवळ एक अवस्था असते. तो ज्या वेळी माशावर दिसत नाही, त्या वेळी तो टँकच्या तळाशी, दगडांवर आणि काचेवर पुढच्या पिढीच्या तयारीत असतो. म्हणून माशांवर आणि टँकवर वेगवेगळे उपचार करावे लागतात आणि त्यासाठी सर्व मासे काही महिने दुसऱ्या पाण्यात ठेवण्याला पर्याय उरत नाही. नाशिकमध्ये, समुद्रापासून दूर, मी हे ज्या क्रमाने केले ते येथे लिहीत आहे.

आमचा तीनशे लिटरचा टँक मूळचा माझ्या मामांचा. त्यांनी तो इंदिरानगरच्या घरी अनेक वर्षे जिवापाड सांभाळला होता. निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हा टँक गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आला. त्यात ऑसेलारिस जातीच्या क्लाऊन माशांची एक जोडी, एक पावडर ब्लू टँग आणि एक फायरफिश असे मासे होते; शिवाय क्लीनर कोळंबी आणि काही शंखाच्या गोगलगायी होत्या. दगडी प्रवाळाला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मामांनी प्रथमपासून भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकचे खडक वापरले होते. त्यांच्या घरी या माशांवर कधीच ठिपके दिसले नव्हते. स्थलांतरानंतर आठवडाभरात टँगच्या परांवर आणि मग अंगावर ते उमटले.

हे असे का व्हावे, याचे उत्तर मला नंतरच्या वाचनात मिळाले. वारंवार थोडा संसर्ग होत राहिलेल्या माशांच्या अंगी या परजीवीविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती येते. परजीवी पूर्णपणे जात नाही. तो कल्ल्यांच्या आत, डोळ्यांना न दिसता, अल्प संख्येने टिकून राहतो. प्रवास, बदललेले पाणी, नवी जागा यांच्या ताणाने मासा दुबळा झाला की त्याची संख्या झपाट्याने वाढते. टँग जातीच्या माशांच्या त्वचेवरचा श्लेष्माचा थर पातळ असल्याने त्यांच्यावर हा आजार आधी आणि अधिक दिसतो. पावडर ब्लू टँग हा हिंदी महासागरातला मासा तर त्यासाठी विशेष ओळखला जातो.

उपचारांपूर्वी निदान निश्चित करणे मला अत्यावश्यक वाटले. मी एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मोजल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय काही ठरवायचे नाही ही सवय अंगवळणी पडली आहे. समुद्री माशांमध्ये पांढरे कण दोन प्रमुख कारणांनी दिसतात. एक, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा रोमकधारी एकपेशीय परजीवी, ज्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला छांदिष्ट ‘मरीन इक’ म्हणतात. आणि दुसरा, अमायलूडिनियम ओसेलॅटम, ज्याच्या आजाराला ‘व्हेल्व्हेट’ हे नाव आहे. व्हेल्व्हेटचे कण पिठाच्या भुकटीसारखे बारीक असतात, मासा पृष्ठभागाशी धापा टाकतो आणि अनेकदा दोन-चार दिवसांत मरतो. इकचे ठिपके मोठे, सुटे आणि मोजता येण्याजोगे असतात. शहरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण घरी आली, आम्ही टँगच्या पराजवळचा थोडा श्लेष्मा काचपट्टीवर अलगद घेतला आणि तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गडद रंगाचा, जवळपास गोल जीव स्वतःभोवती संथपणे फिरत होता आणि त्याच्या कडेने रोमक हलत होते. गोड्या पाण्यातल्या इकचे केंद्रक घोड्याच्या नालेच्या आकाराचे असते. याचे केंद्रक मात्र चार गोळ्यांच्या माळेसारखे असते, असे मैत्रिणीने सांगितले. या जीवाची नोंद १९३० च्या दशकात जपानमध्ये झाली आणि १९५१ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

त्याचे जीवनचक्र समजल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय समजणार नाही, म्हणून ते थोडे सविस्तर सांगते. माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून परजीवी साधारण तीन ते सात दिवस माशाच्या पेशींवर वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. वाढ पूर्ण झाली की तो माशाला सोडतो, बहुधा अंधारात, आणि काही तास तळावर सरपटून एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो व स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. त्या कवचात तो विभागत जातो आणि एका कवचातून दोनशेपर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडू शकतात. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. कवच फुटण्यास किती दिवस लागतील हे मात्र निश्चित नसते. बहुतेक कवचे तीन दिवस ते चार आठवडे या काळात फुटतात, परंतु ७२ दिवसांपर्यंत पिल्ले बाहेर पडल्याचीही नोंद आहे. पाणी थंड असेल तर सारे चक्र लांबते.

यातून उपचारांची पूर्ण दिशा ठरते. माशाच्या त्वचेखाली असलेल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. कवचातल्या परजीवीपर्यंतही नाही. तांब्यासारखे औषध मारू शकते ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना, आणि म्हणून ते सतत, योग्य मात्रेत आणि पुरेशा काळासाठी पाण्यात असावे लागते. मुख्य टँकमध्ये तांबे टाकता येत नाही, कारण कोळंबी आणि गोगलगायी त्याच्या अगदी अल्प मात्रेनेही मरतात आणि वाळू व खडक ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली मात्रा कधीच स्थिर राहत नाही.

या टप्प्यावर हितचिंतकांकडून सल्ले येऊ लागले. शहरातल्या माशांच्या एका दुकानदाराने तापमान वाढवून खडे मीठ घालण्यास सुचवले. हा सल्ला गोड्या पाण्यातल्या माशांसाठी वर्षानुवर्षे उपयोगी पडत आलेला आहे, पण तो आजार वेगळ्या परजीवीचा. समुद्री परजीवी मुळात खाऱ्या पाण्यातच राहतो. त्याच्या बाबतीत उलट क्षारता कमी करण्याची पद्धत आहे. काही मिनिटे गोड्या पाण्यात मासा बुडवण्याने चपट्या कृमींवर चांगला परिणाम होतो, पण त्वचेखाली असलेला इक त्यातून सुरक्षित राहतो. लसूण घातलेल्या खाद्याबद्दलही पुष्कळ ऐकले. मासे ते आवडीने खातात एवढे मी पाहिले आहे, त्यापलीकडे त्यावर भिस्त ठेवावी असे मला वाटले नाही.

प्रत्यक्षात माझ्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, दर तीन दिवसांनी मासे पूर्णपणे कोरड्या व निर्जंतुक केलेल्या टँकमध्ये हलवत राहण्याचा. कवच फुटण्यापूर्वीच मासे पुढे गेलेले असल्याने परजीवी मागे राहतो आणि औषध लागत नाही. पण दर वेळी मासे पकडण्याचा ताण येतो आणि नुकताच स्थलांतराने खचलेला टँग तो सोसेल याची मला खात्री नव्हती. दुसरा मार्ग क्षारता हजारी पस्तीस भागांवरून सुमारे पंधरा भागांपर्यंत उतरवण्याचा. तो माशाला सौम्य वाटतो, परंतु काही ठिकाणचे परजीवी कमी क्षारतेतही जगल्याचे आढळले आहे, शिवाय पाण्याचा सामू घसरत राहतो आणि व्हेल्व्हेट असल्यास त्यावर याचा इलाज चालत नाही. तिसरा मार्ग तांब्याचा. तांबे इक आणि व्हेल्व्हेट दोन्हींवर चालते व त्याची मात्रा मोजता येते, म्हणून मी तो निवडला.

विलगीकरणासाठी ऐंशी लिटरचा साधा काचेचा टँक घेतला आणि तो मुख्य टँकपासून दूर, आतल्या खोलीत मांडला, म्हणजे एका पाण्याचे तुषार दुसऱ्यात जाणार नाहीत. तळाला वाळू नाही, खडक नाही. लपण्यासाठी रुंद पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवले, कारण आडोसा नसेल तर माशांचा ताण वाढतो आणि प्लास्टिक तांबे शोषत नाही. फायरफिश पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून वरून जाळीचे झाकण बसवले. गंगापूर धरणाचे नळाला येणारे पाणी आरओतून गाळून त्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवले आणि एक रात्र हवेच्या पंपावर फिरू दिले. जाळे, बादली, नळी, मोजपात्र असे सारे साहित्य या टँकसाठी वेगळे ठेवले व त्यावर लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे घरातल्या कोणाकडूनही ते चुकून मुख्य टँकमध्ये जाऊ नये.

दिवस थंडीचे होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही जाते; तीनशे लिटरच्या टँकपेक्षा ऐंशी लिटरचा टँक कितीतरी लवकर गार होतो. २६ अंश तापमान राखण्यासाठी हीटर, तापमान-नियंत्रक आणि टँकच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावला. वीज गेल्यास हवेचा पंप चालू राहावा म्हणून तो इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतला. तांब्याच्या पाण्यात कल्ल्यांवर आधीच भार असतो, तेव्हा प्राणवायूची कमतरता पडू देणे परवडणारे नसते.

मुख्य टँकमधून सर्व मासे काढले. क्लाऊन माशांवर एकही ठिपका नव्हता आणि घरच्यांना वाटत होते की त्यांना उगाच का त्रास द्यायचा. पण एक जरी मासा मुख्य टँकमध्ये राहिला तरी परजीवीला घर मिळते आणि सारे प्रयत्न वाया जातात. मासे पकडण्यासाठी खडक बाहेर काढून ठेवावे लागले; हे करताना मी मामांना फोन लावून ठेवला होता.

‘‘टँगच्या मागे लागू नकोस,’’ ते म्हणाले, ‘‘आधी दिवे मालव आणि थोडा वेळ जाऊ दे.’’

‘‘मामा, तो खडकाच्या मागे गेलाय.’’

‘‘मग त्याला तिथेच राहू दे. तू दोन जाळी घे. एक हलवायची नाही.’’

त्यांचे म्हणणे बरोबर होते. स्थिर धरलेल्या जाळ्यात तो दुसऱ्या जाळ्यापासून वाचण्यासाठी स्वतःहून शिरला.

मी वापरलेले औषध क्युप्रामिन. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तांबे असते, म्हणजे ४० लिटर पाण्यात एक मिलिलिटर टाकल्यास लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम मात्रा होते. ४८ तासांनी तेवढाच दुसरा डोस दिल्यावर ती ०.५ होते आणि हीच उपचाराची मात्रा. टँगची अवस्था पाहून मी ही वाढ आणखी संथ केली आणि प्रत्येक पायरीला यंत्राने मोजणी केली. मोजणीशिवाय तांबे वापरणे मला अयोग्य वाटते, कारण उपयुक्त मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. माझ्या रंगमापक यंत्राची अचूकता लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम अधिक वाचनाच्या पाच टक्के इतकी आहे, म्हणजे ०.५ या वाचनामागे जवळपास ०.०७५ ची ये-जा गृहीत धरावी लागते. एकाच वाचनावर विश्वास न ठेवता मी तेच पाणी पुन्हा मोजत असे आणि दोन्ही आकडे वहीत लिहीत असे.

पहिल्या काही दिवसांत टँगवरचे ठिपके वाढले. जीवनचक्र माहीत असल्याने हे अपेक्षितच होते, कारण तांबे पूर्ण मात्रेला पोहोचण्याआधी आत शिरलेले परजीवी आता मोठे होऊन दिसू लागले होते. तरीही डोळ्यांसमोर मासा अधिक आजारी दिसत असताना मात्रा न वाढवता थांबणे फार कठीण जाते. त्यानंतर ठिपके गळून पडू लागले आणि नवे उमटले नाहीत.

फायरफिश वाचला नाही. तो आधीपासूनच जोरजोराने श्वास घेत होता. कल्ल्यांतला संसर्ग बाहेरून दिसत नाही आणि अशा माशाला औषध लागू पडण्याइतका अवधी मिळतोच असे नाही. हा छोटा मासा मामांचा सर्वांत लाडका होता आणि हे त्यांना फोनवर सांगताना मला फार वाईट वाटले.

या काळात परजीवीपेक्षा मला अधिक धास्ती अमोनियाची होती. विलगीकरण टँक नवा असतो, त्यात वाळू-खडक नसतात, म्हणून माशांच्या उत्सर्गातला अमोनिया संपवणारे जिवाणूही नसतात. त्यात समुद्री पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा अधिक राहतो. मुख्य टँकच्या सम्पमधला, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीतला, वापरलेला स्पंज मी येथे आणून बसवला. त्यात परजीवीची कवचे असणार हे उघड होते, पण येथे तांबे असल्याने त्यातून निघणारी पिल्ले टिकणार नव्हती. उलट दिशेने मात्र येथला स्पंज कधीही मुख्य टँकमध्ये जाता कामा नये. तांब्यामुळे या जिवाणूंचे कामही काहीसे मंदावते. बाजारात अमोनिया बांधून ठेवणारी द्रव्ये मिळतात, परंतु त्यांपैकी अनेक क्षपणकारक असतात आणि अशा द्रव्यांनी आयनिक तांब्याचे रूप बदलून ते माशांना कैक पटींनी विषारी होते. त्यामुळे एकच उपाय उरला, तो पाणी बदलण्याचा.

पाणी बदलण्यालाही हिशेब होता. ऐंशी लिटरमधले वीस लिटर काढून साधे समुद्री पाणी भरले तर तांब्याची मात्रा ०.५ वरून ०.३७५ वर येते आणि पोहणाऱ्या पिल्लांना वाट मोकळी होते. म्हणून नव्या वीस लिटरमध्ये आधीच एक मिलिलिटर औषध मिसळून, तापमान व क्षारता जुळवून, मगच ते भरायचे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी मात्र साध्या आरओ पाण्यानेच भरायचे, कारण वाफेबरोबर ना मीठ जाते ना तांबे. हे दोन प्रकार घरातल्या सर्वांच्या लक्षात राहावेत म्हणून मी ते कागदावर लिहून टँकवर चिकटवले. मी कामावर असताना सासूबाई रोज दुपारी अमोनियाची रंगीत चकती पाहत आणि पिवळ्याची हिरवी झाल्यास मला फोन करीत. त्यांच्या या नेमाने एकदा तरी मोठा अनर्थ टळला आहे.

तांब्यात टँगची भूक मंदावते. त्याला क्लिपला लावलेली नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, हेच खाद्य रुचत असे. तोही त्याने प्रथम काही दिवस नुसता हुंगल्यासारखा करून सोडला. थोडे, वारंवार आणि उरलेले लगेच काढून घेणे या पद्धतीने अमोनियाही आटोक्यात राहिला. क्लाऊन मासे मात्र पहिल्या दिवसापासून हातातून खात होते.

पूर्ण मात्रेचे ३० दिवस भरल्यावर सक्रिय कोळसा आणि पाण्याचे मोठे बदल यांनी तांबे काढून टाकले. औषधाच्या वेष्टनावर चौदा दिवसांचा कालावधी दिलेला असतो. पण कवचे फुटण्याचा काळ पाहता त्याहून जास्त काळ ठेवणे मला योग्य वाटले. तांबे गेल्यानंतरही मासे त्याच टँकमध्ये राहिले. हा निरीक्षणाचा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण औषध पाण्यात असताना आजार दबलेला आहे की संपलेला आहे हे सांगता येत नाही. याच काळात चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेलही दिले.

इकडे मुख्य टँक मासेविना चालू होता. कोळंबी आणि गोगलगायींना परजीवी लागत नाही, त्यामुळे त्या तेथेच राहिल्या आणि त्यांच्यासाठी, तसेच जिवाणू जिवंत राहावेत म्हणूनही, थोडे खाद्य घालत राहिले. हीटरने तापमान २७ अंशांवर ठेवले, म्हणजे कवचे लवकर फुटावीत. जाणकार छांदिष्टांमध्ये टँक ७६ दिवस रिकामा ठेवण्याची शिफारस रूढ आहे. ७२ दिवसांच्या त्या नोंदीवरून ती आली. उबदार पाण्यात त्याहून कमी काळ पुरतो असेही मांडले जाते, पण मासे विलगीकरणात सुखरूप असताना घाई करण्याचे कारण मला दिसले नाही. रिकाम्या टँकसमोर बसणारे पाहुणे ‘मासे कुठे गेले’ असे विचारीत आणि मी त्यांना आतल्या खोलीत नेई.

तांब्याचे काढलेले पाणी झाडांना घातले नाही. मिठानेच ती मेली असती. ते संडासाच्या सांडपाण्यात सोडले, गच्चीच्या पावसाळी नळीत नाही, कारण ती नळी पुढे नाल्याला मिळते.

मासे परत सोडले तेव्हा उन्हाळ्याची चाहूल लागली होती. टँगने पहिला अर्धा दिवस खडकांच्या फटी तपासण्यात घालवला आणि संध्याकाळी नोरीवर तुटून पडला. त्यानंतर नाशिकचा कडक उन्हाळा आला, टँकवर पंखे लावावे लागले, पाणी २८ अंशांच्या वर गेले, म्हणजे ताणाचा काळ पुन्हा आला, पण ठिपके उमटले नाहीत. आता नवा येणारा प्रत्येक मासा, दुकानात कितीही निरोगी दिसला तरी, आधी आतल्या खोलीतल्या टँकमध्ये उतरतो. सध्या तेथे फायरफिशची एक जोडी आहे. तांबे ०.४ वर आहे, आणि दोघे खाऊ लागले आहेत, तेव्हा उद्या ते ०.५ करायचे आहे.